अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: दोन बेटांवरील विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

नाशिकमध्ये प्रवासाची आखणी करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. अंदमानची चौकशी आमच्याकडे इतर अनेक शहरांपेक्षा जरा जास्तच होते, आणि त्याचे कारण जवळच आहे. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला ज्यांचे नाव दिले आहे ते स्वातंत्र्यवीर सावरकर आपल्या भगूरचे. गेल्या हिवाळ्यात भगूरहूनच एक काका-काकू आले होते. त्यांना एकाच सहलीत लक्षद्वीप आणि अंदमान अशी दोन्ही बेटे पाहायची होती. काकूंनी पिशवीतून भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर पसरली आणि विचारले, "दादा, दोन्ही बेटंच ना? मग इकडून तिकडे सरळ विमान किती वेळाचं?" त्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या एका उत्तरात "सुमारे तीन तास" असे लिहिलेले होते आणि तेवढ्या भरवशावर त्यांनी दिनदर्शिकेतल्या एकाच चौकोनात सकाळी अगत्ती आणि संध्याकाळी सेल्युलर जेल असे दोन्ही लिहून ठेवले होते.

ते तीन तासांचे उत्तर गणित म्हणून बरोबर होते, पण त्या वेळेत तो प्रवास कोणालाच करता येत नाही. ही तफावत कुठून येते हे एकदा समजले की कोणत्याही दोन विमानतळांमधला प्रवास स्वतः मोजता येतो. म्हणून त्या दिवशी काका-काकूंना टेबलावर कागद ठेवून जे समजावले तेच इथे क्रमाने मांडत आहे.

आधी विमानतळ नेमके ओळखावेत

अंतर विचारताना आपण बेटाचे नाव घेतो, पण मोजायचे असते ते धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचे. लक्षद्वीपमध्ये विमान उतरते ते अगत्ती या एकाच बेटावर, आणि बंगारम किंवा कवरत्तीला जायचे असले तरी विमानाने येणाऱ्याला अगत्तीलाच उतरावे लागते. त्याचा तीन अक्षरी संकेत एजीएक्स असा आहे. अंदमानच्या बाजूला वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि त्याचा संकेत आयएक्सझेड. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम् असे करण्यात आले. त्यामुळे तिकिटाच्या संकेतस्थळांवर कुठे जुने नाव दिसते तर कुठे नवे. नावाने गोंधळ झालाच तर संकेत पाहावा.

अक्षांश-रेखांश घेताना होणारी चूक

अगत्तीची धावपट्टी १०.८२ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.१८ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर पोर्ट ब्लेअरची ११.६४ अंश उत्तर आणि ९२.७३ अंश पूर्व. हे आकडे दशांश अंशांत आहेत आणि नेमकी इथेच मोठी चूक होते. नकाशांच्या जुन्या पुस्तकांत पोर्ट ब्लेअरचा अक्षांश ११ अंश ३८ मिनिटे असा दिलेला असतो आणि लोक तो घाईत ११.३८ असा लिहून मोकळे होतात. मिनिटांना ६० ने भागायचे असते. ३८ भागिले ६० म्हणजे ०.६३, आणि वरचे काही सेकंद धरले की ०.६४ होतात. ही एक चूक विमानतळाला जागेवरून जवळपास २९ किलोमीटर दक्षिणेला ढकलते. पूर्व-पश्चिम मार्गावर तिचा अंतरावर फारसा परिणाम दिसत नाही, पण उत्तर-दक्षिण मार्ग मोजताना ती पूर्णपणे अंगावर येते.

कागदावर अंतर काढणे

दोन्ही ठिकाणे विषुववृत्ताच्या फार दूर नसतील तर शाळेतले पायथागोरसचे प्रमेय पुरेसे होते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. आपल्या दोन विमानतळांच्या अक्षांशांत ०.८२ अंशांचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ९१ किलोमीटर भरते. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच १११ किलोमीटरच्या घरात असतो आणि ध्रुवाकडे जावे तसा आक्रसत जातो. त्यामुळे त्याला सरासरी अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे शाळेत आपण ज्याला कॉस म्हणत होतो त्याने, गुणावे लागते. सरासरी अक्षांश ११.२३ अंश असून त्याची कोज्या ०.९८१ येते. रेखांशांतला फरक २०.५५ अंश आहे, म्हणून २०.५५ गुणिले १११.२ गुणिले ०.९८१ बरोबर सुमारे २,२४२ किलोमीटर. आता २,२४२ चा वर्ग आणि ९१ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर २,२४४ किलोमीटर येते.

पृथ्वी गोल धरून बृहद्वृत्ताच्या काटेकोर सूत्राने हेच अंतर काढले तर २,२४३ किलोमीटर येते, म्हणजे आपल्या साध्या रीतीत चूक जेमतेम एका किलोमीटरची आहे. बृहद्वृत्त म्हणजे गोलावर दोन बिंदू जोडणारी सर्वांत जवळची वाट. दिल्लीहून अमेरिकेला जाणारे विमान नकाशावर उत्तर ध्रुवाकडे वळलेले दिसते ते याच कारणाने. पण अगत्ती आणि पोर्ट ब्लेअर विषुववृत्ताच्या इतके जवळ आणि जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, की नकाशावरची सरळ रेघ आणि बृहद्वृत्त यांच्यात इथे अर्ध्या किलोमीटरचाच फरक पडतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. तो फुगवटाही हिशेबात धरणारी संकेतस्थळे २,२४६ च्या आसपासचा आकडा देतात. त्यामुळे दोन ठिकाणी दोन-तीन किलोमीटरचा फरक दिसला तर त्यात कोणाचे चुकले असे समजू नये. वैमानिकांची भाषा सागरी मैलांची असते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि त्या मापाने हे अंतर सुमारे १,२११ सागरी मैल होते.

नाशिककराला हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर एक तुलना उपयोगी पडते. ओझरच्या आपल्या विमानतळापासून पोर्ट ब्लेअरपर्यंतचे सरळ अंतर याच रीतीने सुमारे २,२२० किलोमीटर येते. म्हणजे नाशिकहून अंदमान जितके लांब, जवळपास तितकेच ते अगत्तीहूनही लांब आहे. दोहोंतला फरक साधारण नाशिक शहरातल्या सीबीएस बसस्थानकापासून ओझर विमानतळापर्यंत जावे लागते तेवढाच. अगत्तीचा रेखांश नाशिकच्या जेमतेम दीड-पावणेदोन अंश पश्चिमेला असल्याने ते बेट आपल्या बरेचसे सरळ दक्षिणेला, सुमारे १,०५० किलोमीटरवर आहे. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे बेटावर जाऊनसुद्धा अंदमान जवळ येत नाहीच!" खरोखरच येत नाही.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

एअरबस ए-३२० सारखे जेट विमान उंचीवर पोहोचल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते, तर एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी ५०० च्या आसपास. अंतराला या वेगाने भागावे आणि आलेल्या वेळात जेटसाठी ३५ मिनिटे, एटीआरसाठी २० ते २५ मिनिटे मिळवावीत. ही वरची मिनिटे धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणे आणि उतरल्यावर पुन्हा थांब्यापर्यंत येणे यांची असतात. तिकिटावर छापलेला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो, म्हणून ही मिनिटे धरलीच पाहिजेत.

आपल्या मार्गावर जेट धरले तर २,२४३ भागिले ८३० म्हणजे २ तास ४२ मिनिटे, अधिक ३५ मिनिटे, मिळून ३ तास १७ मिनिटे होतात. काकूंच्या मोबाइलवरचे उत्तर असेच तयार झालेले होते. तिथल्या यंत्राने दोन बिंदू घेतले, वेगाने भागले आणि वेळ सांगितला. त्या मार्गावर विमान जाते का, हे पाहणे त्याचे काम नव्हते.

हे विमान का नाही, ते समजून घ्यावे

अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांबीची आहे. अरुंद बेटाच्या दक्षिण टोकावर, समुद्राला खेटून ती बांधलेली आहे. १९८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथे डॉर्निअर जातीची लहान विमाने उतरत असत आणि आज एटीआर-७२ उतरते. भरलेल्या ए-३२० ला साधारण दोन हजार मीटरची धावपट्टी लागते, म्हणून ते तिथे येऊच शकत नाही. एटीआर अगत्तीला उतरते खरे, पण प्रवाशांनी भरलेले असताना ते साधारण दीड हजार किलोमीटरच्या आतच जाऊ शकते आणि पोर्ट ब्लेअर २,२४३ किलोमीटरवर आहे. म्हणजे जे विमान अगत्तीहून उडू शकते ते पोर्ट ब्लेअरला पोहोचू शकत नाही, आणि जे पोर्ट ब्लेअरला पोहोचू शकते ते अगत्तीला उतरू शकत नाही. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी जवळपास ३,३०० मीटर लांबीची आहे आणि तिथल्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले, पण एका टोकाची ऐसपैस जागा दुसऱ्या टोकाची अडचण दूर करत नाही.

कोणत्याही दोन बेटांचा प्रवास मोजताना म्हणूनच मी किलोमीटरच्या आधी धावपट्टीची लांबी पाहतो. बेटावर जागा कमी, म्हणून धावपट्टी आखूड, म्हणून विमान लहान, आणि विमान लहान म्हणून मधे थांबा हे ठरलेलेच असते.

खरा मार्ग मोजणे

अगत्तीला पूर्वापार विमान कोचीहून जाते. २०२४ पासून बंगळूर आणि गोव्याहूनही सेवा सुरू झाल्या. या सेवांचे दिवस आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी चालू वेळापत्रक पाहणे अटळ आहे.

कोची आणि चेन्नईवरून गेल्यास अगत्ती ते कोची सुमारे ४६७, कोची ते चेन्नई सुमारे ५१८ आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,३७१ अशी बेरीज २,३५६ किलोमीटर होते. बंगळूरवरून गेल्यास अगत्ती ते बंगळूर सुमारे ६५७ आणि बंगळूर ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,६३८, म्हणजे २,२९५ किलोमीटर. सरळ अंतरापेक्षा हा मार्ग फक्त ५२ किलोमीटर लांब आहे. म्हणजे वळसा जवळजवळ नाहीच, कारण बंगळूर सरळ रेषेच्या थोडेसेच उत्तरेला आहे.

हवेतला वेळही फार वाढत नाही. अगत्ती ते बंगळूर एटीआरने ६५७ भागिले ५०० म्हणजे १ तास १९ मिनिटे, अधिक २५, मिळून १ तास ४४ मिनिटे. बंगळूर ते पोर्ट ब्लेअर जेटने १ तास ५८ मिनिटे, अधिक ३५, मिळून २ तास ३३ मिनिटे. एकूण ४ तास १७ मिनिटे, म्हणजे त्या काल्पनिक सरळ विमानापेक्षा बरोबर एक तास जास्त. खरा वेळ जातो तो मधल्या थांब्यात.

मधला थांबा आणि उजेडाचे गणित

सगळ्या भारताचे घड्याळ एक असले तरी सूर्य एक नाही. अगत्ती आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांतला २०.५५ अंशांचा फरक प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने ८२ मिनिटांचा होतो. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर अगत्तीला तो सव्वासहाच्या पुढेही दिसत असतो. आपल्या दिनदर्शिकांत छापलेला सूर्योदय-सूर्यास्त बहुधा मुंबईचा असतो, तो या दोन्ही ठिकाणी चालत नाही. पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमाने पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळात येतात-जातात. अगत्तीहून निघालेला प्रवासी बंगळूर किंवा कोचीला पोहोचेपर्यंत दुपार झालेली असते आणि त्या दिवशीचे अंदमानचे विमान बहुधा निघून गेलेले असते. म्हणून मुक्काम घडतोच.

उदाहरणादाखल अगत्तीहून दुपारी १२ ला विमान आहे असे धरू. १० वाजता विमानतळावर हजर व्हावे, पावणेदोनला बंगळूर, तिथे रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ चे विमान आणि साडेआठच्या सुमारास पोर्ट ब्लेअर. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत सव्वानऊ होतात. हा हिशेब २३ तासांहून अधिक भरतो आणि त्यातले हवेतले तास सव्वाचार आहेत. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणारे जहाज आजही अडीच-तीन दिवस घेते आणि सावरकरांना घेऊन निघालेले महाराजा जहाज ४ जुलै १९११ रोजी तिथे पोहोचले होते. हे आठवले की २३ तास जास्त वाटत नाहीत, पण आखणीत ते लिहिलेले असले पाहिजेत.

थांबा आखताना दोन्ही तिकिटे शक्यतो एकाच आरक्षणात, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्यावीत. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी कुटुंबाला घेऊन जाताना थोडे पैसे वाचावेत म्हणून मी दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती. पहिले विमान दीड तास उशिरा आले. सामानाच्या पट्ट्यावर आमची निळी बॅग सर्वांत शेवटी आली आणि ती उचलून आम्ही धावत दुसऱ्या काउंटरवर पोहोचलो तेव्हा तो बंद होऊन बारा मिनिटे झाली होती. दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी होतो, आणि चारही तिकिटे बुडाली. एकाच पीएनआरवर असतो तर पुढच्या विमानात बसवणे ही त्यांची जबाबदारी ठरली असती. तिकिटे वेगळी काढणे भागच असेल तर मधे रात्र ठेवावी. त्याच दिवशीचे जोडविमान धरूच नये.

वारा आणि पाऊस

हिवाळ्यात या अक्षांशांवर वाऱ्याचा परिणाम फारसा जाणवत नाही. जून ते सप्टेंबर मात्र दक्षिण भारतावर वरच्या थरांत पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारा वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. हा वारा १४-१५ किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरदार असतो आणि १०-१२ किलोमीटरवरून जाणाऱ्या जेटलाही लागतो. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर जाताना समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा धरला तर जमिनीवरचा वेग ७७० होतो आणि १,३७१ किलोमीटरला १ तास ४७ मिनिटे लागतात. परत येताना तोच वारा पाठीशी असतो, वेग ८९० होतो आणि १ तास ३२ मिनिटे पुरतात. पावसाळ्यात जाण्या-येण्याच्या वेळांत पंधरा मिनिटांचा फरक दिसला तर तो या वाऱ्याचा. एटीआर मात्र पाच-सहा किलोमीटर उंचीवरूनच उडते, आणि त्याखालच्या थरांत पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात.

वेळेपेक्षा मोठा प्रश्न विमान जाईल की नाही हा असतो. आखूड धावपट्टीवर आडवा वारा आणि जोराचा पाऊस असेल तर विमान उतरवले जात नाही, ते परत फिरते. पावसाळ्यात अगत्तीच्या जोडप्रवासात मी एक नव्हे तर दोन रात्री मोकळ्या ठेवतो.

नाशिकहून निघताना

लक्षद्वीपसाठी भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना लागतो. तो हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या रकमेचे तिकीट काढू नये. पोर्ट ब्लेअरला जाण्यासाठी भारतीयांना असा परवाना लागत नाही. ओझरहून बंगळूरचे विमान त्या दिवशी असेल तर तो मार्ग उत्तम. नसेल तर मुंबई विमानतळापर्यंत कसारा घाटातून किंवा समृद्धी महामार्गाने जाताना घरापासून चार तास धरावेत, आणि विमानाच्या आधीचे दोन तास त्यात वेगळे मिळवावेत.

दोन्ही बेटे एकाच सहलीत करायची असतील तर अगत्ती आधी आणि पोर्ट ब्लेअर नंतर, असा माझा आग्रह असतो. परवान्यावर तारखा ठरलेल्या असतात आणि विमान रद्द होण्याची भीतीही त्याच टोकाला जास्त असते, त्यामुळे तो भाग सहलीच्या सुरुवातीला उरकलेला बरा. पोर्ट ब्लेअरहून परतायला चेन्नई, बंगळूर, कोलकाता असे अनेक रस्ते आणि रोज अनेक विमाने आहेत. एक चुकले तरी दुसरे मिळते.

काकूंनी त्या दिवशी माझ्याकडून खोडरबर मागून घेतले, दिनदर्शिकेतल्या त्या एका चौकोनातले "सेल्युलर जेल" खोडले आणि ते पुढच्या दिवसाच्या चौकोनात, "सकाळी दहानंतर" असे जोडून, पुन्हा लिहिले. रिकाम्या झालेल्या जागेत काकांनी "बंगळूर मुक्काम" असे लिहिले.